गिरनीच्या लायनीवर मुक्कामी गाडी

माहा बाप बंडीवाला होता जी, मूल शहराच्या अलीकडं आमचं गाव, जंगलातून ठेकेदाराचे बांबू अन् तेंदूपानाचे बोद, म्हनजे मोठे पोते, बंडीत भरून टेसनावर न्यायचा, अन् मले म्हनायचा का गंगाराम, बैलाची शेपटी धरून तुह्यं पोट भरनार नाई, इंजनवाली गाडी शिक. तर मी शिकलो. पयले कोळशाचा ट्रक चालोला, खदानीतून ऊर्जानगरच्या बिजलीघरापावतर, दिवसभर धूळ खाऊन घरी आलो का बायको ओळखत नोती, मंग लालगाडीत, एसटीत लागलो. डेपोचं नाव नका लिहू बाई, अजून नोकरी बाकी हाये माही, अन् मी तोंडाचा फाटका, हे तुमाले आतापावतर समजलंच असन. आमच्या डेपोत साहेब बदलला का जुना नव्याले सांगून जाते, गंगारामसंग वाद नका घालू, तुमचाच दिवस खराब होईन.

मुक्कामी गाडी माईत हाये ना तुमाले? सांजेले डेपोतून निघते, जंगलातल्या शेवटच्या गावाले जाते, रात्रभर तिथीच उभी रायते, अन् सकाळी शाळेच्या पोट्ट्याले, दूधवाल्याले, दवाखान्यात जानाऱ्या म्हाताऱ्याले घेऊन शहरात येते. माही गाडी बेहडाटोल्याची. तिथी ड्रायवर-कंडक्टरचं जेवन गावाकडं असते, घरोघरची पाळी लागते, आज मडाव्याच्या घरी, उद्या कुमऱ्याच्या घरी, कोनाचं घर केवढंही लहान असो, पाळी कोनी चुकवत नाई, अन् ड्रायवरनंही चुकवू नाई. झोपाले मातर ताराबाई मडावीची ओसरी. ताराबाई म्हातारी हाये, पन तिच्या तोंडासमोर माहं तोंड काहीच नाई. तिची नात वैशाली, तवा बारावी सायन्सले होती, नर्स व्हायचं हे तिनं कवाचंच ठरोलं होतं, रोज सकाळी गाडीत बसली का पुस्तक उघडलं, मंग वाघ आडवा आला तरी तिची मान वर होत नोती.

मंग डेपोत बिजलीच्या गाड्या आल्या. खरं सांगू, मले त्या पयल्याच दिवशी आवडल्या, गिअर नाई, क्लच नाई, डाव्या पायाले कामच नाई, माहा गुडघा दुखत होता तो दुखनं विसरला. बाकीचे ड्रायवर नाकं मुरडून राह्यले होते का आवाजच नाई तर गाडी चालू हाये का बंद कसं समजनार, मी म्हटलं अबे, आवाजच पायजे तर मी हाओ ना डेपोत. आवारात चार्जिंगचे डबे लागले, डिझेलच्या गाड्या एकेक करून भंगारात चालल्या. अन् एक दिवस साहेबानं बोलावून सांगतलं, गंगारामभाऊ, तुही डिझेलची गाडी भंगारात गेली का बेहडाटोला बंद, नवी गाडी एका चार्जिंगमधी तिथवर पोचते पन परत येत नाई, म्हनून मंग फाट्यावरूनच पलटायचं.

फाट्यावरून म्हने. फाटा ते गाव मधात सागाचं बन, नाला, अन् तो वाघाचा रस्ता, मोहफुलं वेचाले गेलेल्या एका बाईले त्याच नाल्यावर वाघानं धरलं होतं. मी ताराबाईच्या ओसरीत हे सांगतलं. वैशालीचा बाप शामराव, मुका मानूस, दिवसातून चार शब्द बोलन का नाई, तो उठला अन् म्हने, फाट्यापावतर पोरीले पायदल पाठवनार नाई मी, झालं तिचं शिक्षन. चुकीचं बोलला का? मलेही पोरगी हाये, मीही तेच म्हटलं असतं. पोरगी आत गेली, रडली का नाई मले माईत नाई, पन सकाळी गाडीत बसली तर पुस्तक पिशवीतच.

ते पाहून माहं डोस्कं फिरलं. गाडी लावली अन् सरळ साहेबाच्या केबिनीत घुसलो, म्हटलं साहेब, कोळसा आमच्या जमिनीतला, धूर आमच्या छातीत, ऊर्जानगरची चिमनी आमच्या डोक्यावर, बिजली बनून जाते साऱ्या राज्याले, अन् आमच्याच गावात एक गाडी चार्ज कराले बिजली नाई म्हनता? साहेब वाईट नोता, तो म्हने भाऊ, भाषन मले नको देऊ, चार्जिंगच्या कामावरच्या मॅडमले दे. मी तिलेही देल्लं. पोरगीच होती ती इंजिनिअर, कोरपन्याकडची, कापूसवाल्याच्या घरची, शांतपनं ऐकून घेतलं अन् म्हने, काका, डेपोतल्यासारखं भराभर चार्ज करनारं मशीन तिथी चालनार नाई, तेवढी लाईन नाई त्या गावात. मी म्हटलं भराभर पायजे कोनाले, गाडी तिथी रात्रभर उभीच रायते, मी घोरतो अन् ती गुमान उभी. मॅडम हासली, मंग हासता हासता थांबली अन् म्हने, रात्रभर? चला काका, मले गाव दाखवा.

बेहडाटोल्यात गाडीतून पाय खाली टेकला नाई तर मॅडमनं कान टवकारले, धानाची गिरनी चालून राह्यली होती, धडधड धडधड, ती म्हने ही कोनाची? तीन फेजची लाईन हाये म्हनजे इथी. गिरनीमागची डीपी पाह्यली, खंबे पाह्यले, अन् सगळ्यासमोर सांगतलं का दिवसा गिरनी चालन, रात्री तीच लाईन गाडीले देऊ, गाडी हळूहळू भरन, पन सकाळपावतर भरन. ताराबाईनं तिले गुळाचा चहा पाजला, सारे खूश. मी एकटाच नाई. काऊन का गिरनी भाऊराव नैतामाची, अन् भाऊरावसंग माहं बोलनं बंद.

कायच्यावरून? कोंड्याच्या पोत्यावरून. तो म्हने पोती टपावर चढव, मी म्हटलं लगेजचं तिकीट फाड, तो म्हने गावाची गाडी, गावाचा कोंडा, तिकीट कायचं, अन् मी पोती फाट्यावर उतरोली. आजही म्हनतो, नियमानं मीच बरोबर होतो. पन तवापासून त्याच्या घरची पाळी आली का मी घरून डबा आनायचो, कंडक्टर त्याच्या घरी जेवाचा अन् मी गाडीत बसून डबा खायचो. तोही अकडू, मीही अकडू, कोन कोनाले सांगते.

सभा भरली. भाऊराव म्हने, हंगामात धानाची रास लागते तवा मी रात्रीही गिरनी चालवतो, रात्र गाडीले देली तर मी काय करू? मॅडमनं लाईनच्या भाड्याचं सांगतलं, त्यानं मान हलोली नाई. मले वाटलं गेलं सारं. मंग ताराबाई उठली, म्हने भाऊराव, रात्री तुह्या गिरनीवर येते कोन? आमी बायाच येतो ना, दिवसभर धान कापून, रात्री डोक्यावर टोपलं घेऊन तुह्या दारात उंगत-पेंगत बसतो. आमी पाळी लावतो, एका टोल्यानं, एका वस्तीनं, एक दिवस आनायचं, दिवसाउजेडीच. रात्री कोनी आलंच नाई तर गिरनीत काय माशा भरडशीन? बाया फिदीफिदी हासल्या, भाऊरावही मिशीतल्या मिशीत हासला, पन मंग त्यानं माह्याकडं बोट केलं.

म्हने, लाईन न्या, माही ना नाई. पन ह्या मानसाचं काय? पाळीच्या दिवशी माही बायको ह्याच्यासाठी ताट वाढून बसते, अन् ते ताट तसंच उचलावं लागते. कोंडा गेला खड्ड्यात, तिकीटही गेलं, पन माह्या घरच्या अन्नाले यानं नाई म्हटलं. हा साऱ्या गावासमोर माह्या आंगनात जेवला, तर आजच लाईन घ्या.

काय सांगू तुमाले, पोत्याचं त्याच्या मनातून कवाचंच गेलं होतं अन् मी तेच धरून बसलो होतो. शामराव खाली मान घालून बसला होता, वैशाली दाराच्या चौकटीत उभी, सारे माह्याकडं पाहून राह्यले. साहेबापुढं मी कधी वाकलो नाई. मी उठलो अन् म्हटलं, भाऊराव, भूक लागली हाये.

भात, लाखोळीची डाळ अन् अंबाडीची भाजी होती. भाऊरावची बायको वाढता वाढता म्हने, काऊन भाऊ, आज डबा नाई आनला का? सारं आंगन हासलं, मी मान खाली घालून तीनदा भात मागून घेतला. अशी डाळ मी इतक्या वर्सांत सोडून देली याचाच मले राग आला.

खंबे लागले, गिरनीच्या बाजूले टिनाच्या शेडमधी चार्जिंगचा डबा बसला, गावानं आपल्या देवाले हळद वाहिली. पयल्या मुक्कामानंतर सकाळी पाह्यतो तर गाडी टम्म भरलेली. अन् स्टँडवर मानूस नाई. मले समजेच ना. मंग ध्यानात आलं का बाप्पा, डिझेलची गाडी मी सकाळी गरम करत ठेवाचो, त्या आवाजावरच सारं गाव उठायचं, आता कोन उठवनार? हॉर्नवर हात ठेवला तसे पळत सुटले सारे, कोनाच्या केसात फनी, कोनाचा सदरा उलटा, वैशालीची एक चप्पल हातात. भाऊराव ओरडून म्हने, उद्यापासून गाडीची वायर निघाली का मी गिरनी फिरवतो, तीच समजा घंटी. अजूनही तसंच चालू हाये. त्या दिवशी डेपोत पोचलो तर फाटकावर साहेब, मॅडम अन् ते नाकं मुरडनारे ड्रायवर, सारे उभे, परत आली रे आली म्हनून टाळ्या वाजवून राह्यले, मी खाली उतरलो नाई, आवारात दोन चक्कर जास्तीचे मारले. मारनारच ना, माहा हक्क होता तो.

आता दुसऱ्या मुक्कामी गावांतही गिरन्यांच्या लायनी पाहून राह्यले. साहेब मले पाठवते, मी भाऊरावले संग नेतो, तो धुतलेला सदरा घालून येते अन् भाषन मीच देतो म्हनते. दोन गावांत चार्जिंगचे डबे बसलेही. वैशाली गडचिरोलीले नर्सिंगले हाये, सुट्टीत माह्याच गाडीनं येते, अन् माह्या गुडघ्याले कोनतं तेल लावायचं हे मले रागावून सांगते.

परवा शामराव धाकट्या पोरीले घेऊन आला, तिचं हायस्कूल सुरू झालं. तो गाडीच्या दाराशी उभा राह्यला, अन् मुका मानूस तो, येवढं बोलला का मी पाहतच राह्यलो. म्हने भाऊ, इचं अजून लय शिक्षन बाकी हाये, तुमी रिटायर झाल्यावर गाडी येईन का गावात? मले भरून आलं, सांगतो, लाजत नाई. म्हटलं शामराव, गाडी आता माह्या भरोशावर नाई, तुह्या गावानं लाईन देली हाये तिले, ती कुठी जाते. बसव पोरीले.