स्नानगृहाचं मागचं दार

— दार नाहीच? नीट पाहिलंत? चित्र हातात धरून सगळी भिंत फिरलात? कमाल आहे बाई तुम्हा फ्लँडर्सच्या लोकांची! अहो सिन्योर, त्या सम्राटाच्या स्नानगृहाचं आज उरलंय काय — चार भिंती, दोन कमानी, आणि वर चरणाऱ्या शेळ्या. बाकी घुमट, खांब, पुतळे, सगळं आमच्या तांब्याच्या पत्र्यावर कोरून उभं केलेलं, बाबांच्या मापांवरून, जुन्या नाण्यांवरून. घुमट सापडला नाही म्हणून कुणी भांडायला येत नाही, आणि तुम्हाला खुपलं ते एवढंसं मागचं दार! हळू बोला ना जरा. बाबा आत छपाईचे कागद भिजवतायत.

कोरलं कुणी म्हणजे? बाबांनी. खाली सही आहे ना त्यांची. हो, हात थरथरतो त्यांचा, साधा पेला धरवत नाही, पण कोरताना — बरं, मी कोरते. झालं समाधान? कुठे बोलू नका. आणि मी कुठून पाहणार ते स्नानगृह! समोरचं चर्च आणि ही खिडकी, एवढंच माझं रोम. तुम्ही चालत गेलात ना तिथवर? वाटेत काय काय लागतं हो? — नको, राहू दे, सांगूच नका. व्हेनिसच्या एका छापखानेवाल्याने मला मागणी घातली होती. बाबा म्हणाले, पोरीने मठात जायचं व्रत घेतलंय. मी आतून ऐकत होते — माझ्या व्रताची बातमी मला तेव्हा कळली! त्याच दिवशी हे दार कोरलं. भिंग घ्या, पाहा — दारात बाई आहे, पाठमोरी, हातात बोचकं. निघालीय ती. बाबांना सांगितलं, तुमच्याच मापांत होतं हे दार. त्यांना आता आठवत नाही. म्हणून पाया पडते तुमच्या, ते आले तर म्हणा, दार सापडलं. एवढं एक खोटं. नाहीतर दार घासून, पत्रा मागून ठोकून सपाट करायला लावतील, माझ्याच हाताने —

या बाबा. हे सिन्योर, ते स्नानगृहाचं चित्र नेलं होतं यांनी. काही नाही, सहज आलेत. ते दार... सांगा ना सिन्योर. सांगताय ना?

...हो बाबा. ऐकलं मी, सिन्योर काय म्हणाले ते. नसेल तिथे दार. हो, घासून टाकते. आजच.

निघा तुम्ही, सिन्योर. आणि जाताना दार ओढून घ्या. उघडं राहिलेलं बाबांना चालत नाही.