पहिली कुठून मोजायची?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, संस्थेच्या संचालिका, व्यासपीठाची शोभा वाढवणारे वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या आमच्या बाई, बाईंच्या शेजारी बळेबळेच आणून बसवलेले त्यांचे धाकटे बंधू, समोर बसलेल्या सर्व सहकारी भगिनींनो आणि बंधूंनो, आणि खुर्च्या संपल्या म्हणून दाराला टेकून उभे असलेल्यांनो, तुम्हीसुद्धा!

मला चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी बरेच आढेवेढे घेतले. माझं काम लिहिण्याचं. या इमारतीत कुणाला काही नवं सापडलं की ते पेटंटच्या भाषेत उतरवून द्यायचं, ही माझी नोकरी. त्या भाषेत एक वाक्य दीड पान चालतं आणि त्यात हसायला कुठेही जागा नसते. तेव्हा भाषण लांबलं तर तो धंद्याचा दोष समजा आणि मनातल्या मनात मला शिव्या घाला, मला चालेल.

बाईंच्या निवृत्तीला अजून चांगला अवकाश आहे. मग त्या आत्ताच का चालल्या? चहाच्या मशीनपाशी मी काय काय ऐकलं नाही! कोणी म्हणालं, संचालिकांशी बिनसलं. कोणी म्हणालं, मोठ्या कंपनीनं पळवलं. एका विद्वानानं तर बाईंना वैराग्य आल्याचं छातीठोकपणे सांगितलं. ते विद्वान दुसऱ्या रांगेत बसलेत, त्यांनी मान खाली घालायची गरज नाही. खरं कारण बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसलं आहे, आणि ते सांगण्याची परवानगी त्याच खुर्चीनं आज सकाळी मला दिली. म्हणाले, सांगून टाका, फक्त कुणाला रडवू नका. पहिलं मला जमेल, दुसऱ्याची हमी देता येत नाही.

या बंधुराजांचं रक्त गोठत नाही. जन्मापासून. आपल्या सगळ्यांच्या यकृतात एक प्रथिन तयार होतं, ते रक्तात मिसळतं, आणि म्हणून भाजी चिरताना बोट कापलं तर आपण ते तोंडात घालतो आणि विसरून जातो. यांच्या यकृताला ते प्रथिन बनवायची कृतीच ठाऊक नाही. त्यामुळे साधा गुडघा आपटला तरी आतल्या आत रक्त साचतं, गुडघा सुजतो आणि माणूस आठवडाभर अंथरुणाला खिळतो. लहानपणी वडिलांनी घरातल्या टेबलांचे कोपरे कानशीनं घासून गोल केले होते. खाली अंगणात मुलं क्रिकेट खेळायची आणि हे पहिल्या मजल्याच्या खिडकीत बसून बाद की नाबाद ते ओरडून सांगायचे. म्हणून सगळी आळी यांना अंपायर म्हणायची, आणि बाई सोडून आजही सगळे तेच म्हणतात. मी एकदा त्यांना विचारलं, लहानपणी काय व्हावंसं वाटायचं? मला वाटलं पायलट, क्रिकेटपटू, असं काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, मला एकदा धावताना धडपडून पडायचं होतं, आणि पँट झटकून परत धावायचं होतं. बस, एवढंच.

बाई त्यांच्याहून मोठ्या. त्या खिडकीपाशी बसून त्या भावाला यकृताच्या गोष्टी सांगायच्या. आत एक मोठा कारखाना आहे, तिथे सगळे कामगार हजर आहेत, फक्त एकाला कृती लिहून द्यायची राहिली आहे, कोणीतरी ती आत नेऊन दिली की झालं. गोष्ट संपता संपता अंपायर झोपी जायचे. मंडळी, गोष्ट सांगणारी मात्र जागीच राहिली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आधी बाईंनी ते प्रथिन बाहेर बनवून, रक्तात जास्त दिवस टिकेल असं केलं. ते त्यांचं पहिलं पेटंट आणि माझंही पहिलंच. अंपायरना टोचायच्या सुयांची संख्या कमी झाली. पण टोचलेलं प्रथिन आज ना उद्या संपतंच. मग बाई कृतीच्या मागे लागल्या. एका निरुपद्रवी विषाणूचं नुसतं कवच घ्यायचं, त्यात प्रथिनाची कृती, म्हणजे ते जनुक, भरायचं, आणि ते कवच रक्तातून यकृताकडे रवाना करायचं. ऐकायला किती सोपं वाटतं, नाही? पण कवचं तयार होतात तेव्हा पुष्कळशी रिकामीच निघतात. म्हणून सगळं मिश्रण एका नळीत घालून प्रचंड वेगानं फिरवतात, की भरलेली वेगळी आणि रिकामी वेगळी होतात.

ते मी प्रथम पाहिलं ती दुपार माझ्या मनातून जात नाही. लिहायचं तर डोळ्यांनी बघावं म्हणून मी बाईंच्या खोलीत गेलो होतो. त्यांनी पडदे ओढले. बाहेर रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती, आणि मग तोही आवाज थांबला. बाईंनी नळीखाली छोटा दिवा धरला. स्वच्छ पाण्यासारख्या त्या नळीत, कशाचाही आधार नसताना, दोन निळसर पट्ट्या तरंगत होत्या. एक वर, एक खाली. दूध संपलेल्या पेल्यात पाणी ओतावं तसा त्यांचा रंग होता. कुणाच्या तरी घरी पोचायची वाट बघत त्या पट्ट्या तिथे थांबल्या होत्या आणि आम्ही दोघं श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होतो. आपण जागे आहोत की झोपेत, याची मला खरंच शंका आली. बाईंनी हळूच विचारलं, यातली भरलेली कुठली? मी म्हणालो, वरची, ती जास्त ठळक दिसतेय. त्या हसल्या. म्हणाल्या, रिकामं नेहमी वर तरंगतं, तुम्ही माणसांच्या बाबतीतही असेच फसता का? मी वही मिटली आणि पडदे उघडेपर्यंत बघत बसलो. अजून कधी डोळा लागता लागता मला त्या पट्ट्या दिसतात.

आता दुर्दैव ऐका. पुष्कळ लोकांना लहानपणी कधीतरी त्या विषाणूचा संसर्ग होऊन गेलेला असतो. आपल्याला पत्ताही लागत नाही, पण शरीर विसरत नाही. रक्तात पहारेकरी तयार होऊन बसतात, आणि पुढे ते कवच दिसलं रे दिसलं की दारातच धरतात. अशा माणसांना या उपचाराचा उपयोग नाही असा नियमच होता. अंपायरचं रक्त तपासलं, तर पहारेकऱ्यांनी गच्च भरलेलं. जगातल्या अनोळखी लोकांच्या घरी पोचेल अशी गाडी बाईंनी बनवली आणि ती त्यांच्याच दारात अडकली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्या दिवशी बाई डबा न उघडताच परत घरी घेऊन गेल्या.

आणि मग ती प्रसिद्ध चूक झाली. त्यातले दुसरे आरोपी, आमच्या प्राणीघराचे प्रमुख, ज्यांना आपण मास्तर म्हणतो, ते इथे समोरच बसलेत. त्या दिवशी अंपायरना पोटात रक्तस्राव झाल्यामुळे बाई दवाखान्यात होत्या. इकडे, पहारेकरी असलेल्या उंदरांना भरलेली कवचं द्यायची होती, फजिती नेमकी किती होते ते मोजायला. बाईंनी दवाखान्याच्या जिन्यातून मास्तरांना फोन केला आणि सांगितलं, पहिली द्या, दुसरी राहू दे.

पहिली कुठली? बाई जिथे शिकल्या तिथे नळीच्या बुडाशी सुई टोचून थेंब काढायचे, म्हणजे खालची पट्टी पहिली. मास्तर जिथे शिकले तिथे वरून सिरिंज घालायचे, म्हणजे वरची पहिली. इतकी वर्षं दोघं एका छपराखाली काम करत होते आणि हा प्रश्न कधी निघालाच नव्हता. मास्तरांनी इमानेइतबारे सगळी रिकामी कवचं उंदरांना टोचली. दुपारी अंपायर जरा सावरल्यावर बाई आल्या, तर खालची पट्टी नळीत जशीच्या तशी.

बाई म्हणाल्या, "हे काय, पहिली इथेच आहे!"

मास्तर म्हणाले, "पहिली दिली. ही दुसरी."

त्यानंतर जे झालं ते मी इथे सांगत नाही, सभेत महिलावर्ग आहे, आणि खरं म्हणजे जास्त आवाज महिलावर्गाचाच होता. शेवटी बाई म्हणाल्या, झालं ते झालं, उंदीर फुकट कशाला घालवायचे, आता हीसुद्धा द्या. दिली. प्रयोग बिघडला म्हणून सगळ्यांनी तो सोडून दिला. आणि काही आठवड्यांनी, बघायचं म्हणून त्या उंदरांचं रक्त तपासलं, तर त्यात प्रथिन! सगळे पहारेकरी सकाळी आलेल्या रिकाम्या कवचांना धरून बसले होते, आणि दुपारी भरलेली कवचं शांतपणे आत निघून गेली होती.

मी पेटंटमध्ये झोकात लिहिलं होतं की सखोल चिंतनाअंती असे आढळून आले. बाईंनी ते खोडलं. म्हणाल्या, चिंतन कसलं डोंबलाचं, मी जिन्यात उभी राहून रडत होते. मग आम्ही दोघांनी मिळून गैरसमजातून हा साधा शब्द घातला. तेव्हापासून त्या खोलीत पहिली आणि दुसरी हे शब्द कोणी उच्चारत नाही. नवीन आलेल्यांना वाटतं ही काहीतरी अंधश्रद्धा आहे. आता ते म्हणतात वरची आणि खालची, आणि मास्तर अजून म्हणतात की चूक त्यांची नव्हतीच.

एका बिघडलेल्या प्रयोगावर माणसाला औषध देता येत नाही. तो परत परत करावा लागला. कधी जमला, कधी मुळीच नाही. त्यात वर्षं गेली, अंपायरचे केस पांढरे झाले आणि गुडघे निकामी होत आले. शेवटी गेल्या वर्षी रक्तात पहारेकरी असलेल्या रुग्णांवर या पद्धतीची चाचणी करायला मंजुरी मिळाली. दवाखाना वेगळा, डॉक्टर वेगळे. त्यांनी अंपायरना तपासलं आणि चाचणीत घेण्याजोगे म्हणून सांगितलं. तेव्हा आपल्या नीती समितीनं बाईंना बोलावलं. समितीचं म्हणणं रास्तच होतं, मी तिथे होतो. जिचा शोध, तिचाच भाऊ रुग्ण, आणि निकालही तिच्याच खोलीत तपासले जाणार, हे कसं चालेल? एक तर बाईंनी या संस्थेतून आणि या शोधावरच्या सगळ्या हक्कांतून बाहेर पडावं, नाही तर भावानं चाचणीतून. मी मनात शब्दांची जुळवाजुळव करत होतो, काही पळवाट काढता येईल का म्हणून. माझं वाक्य तयार होण्याआधीच बाई हो म्हणून उठल्या होत्या.

अडून बसले ते अंपायर. हक्क सोडल्याचे कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा भाऊ-बहीण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते आणि चहा निवून गेला होता. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ताई, माझं अर्धं आयुष्य असंच गेलं, उरलेलंही जाईल. माझ्यासाठी तू सगळं सोडलंस हे ओझं मला नको."

बाई म्हणाल्या, "तुझ्यासाठी कोण सोडतंय? इतकी वर्षं उशाशी फोन ठेवून झोपते आहे मी. मला एकदा फोन बंद करून झोपायचंय."

अंपायरनी निवलेला चहा बाजूला सारला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, कागद द्या तिला. मी दिले. बाईंनी माझ्याच पेननं सही केली आणि टोपण लावून पेन मला परत दिलं.

म्हणून हा निरोप. यात भांडण नाही, कंपनी नाही आणि, विद्वान महोदय, वैराग्य तर अजिबात नाही. औषध लागू पडेल का? आम्हाला कुणालाच माहीत नाही, बाईंनाही नाही. भरलेली कवचं आत जातील, किंवा दारातच धरली जातील. मला रात्रंदिवस वाटतं की जातील. पण माझ्या वाटण्याला पेटंटमध्ये कलम नाही.

येत्या सोमवारी सकाळी बाई त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात एका बाकावर बसलेल्या असतील. आत बाटलीतून जे थेंब पडत असतील त्यांच्याबद्दल त्यांच्याइतकं कोणालाही माहीत नसेल, आणि तरी त्यांना आत जाता येणार नाही, काही विचारता येणार नाही, कोणी काही सांगणारही नाही. इथे मघाशी त्यांची जी पदं आणि सन्मान वाचून दाखवले गेले, त्यातलं तिथे काहीच चालणार नाही. दार उघडून कोणीतरी नर्स विचारेल, पेशंटबरोबर कोण आहे? आणि बाई पर्स सावरत उठतील आणि म्हणतील, मी, बहीण.

अध्यक्ष महोदयांनी मला दिलेला वेळ मी केव्हाच ओलांडला आहे, त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं तेही मी पाहिलं. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, थट्टेत कोणी दुखावलं असेल, तर ते माझ्या पदरी टाका आणि मला सांभाळून घ्या. बाईंच्या सत्काराला उत्तर असा यापुढचा कार्यक्रम छापलेला आहे. पण बाई, आज तुम्ही कोणाला काही उत्तर देऊ नका. तुम्ही निघा. मागचं आम्ही आवरतो.