चांगुणाबाईंचं नाक

(पाथर्डीकडचं एक गाव. लंकाबाईच्या घरी गावच्या दारूबंदी समितीच्या प्रमुख चांगुणाबाई आल्यात.)

चांगुणा : अगं, सोळाचीबी न्हाई अजून निकिता, आन् तू खुशाल लगीन लावतीस? कायदा काय म्हनतो, ठाव हाय ना?

लंकाबाई : कायदा मला नका शिकवू, बाई. तुमी देवळाच्या भोंग्यावरून तिचं नाव पुकारलं, त्याच दिवशी बापानं दप्तर चुलीत घातलं. "दारू पिनारी पोर कोन करील?" म्हनला. आता एका ऊसतोड्याचं स्थळ आलंय. त्याला कोयत्याला जोडीदारीन पायजे. सोमवारी हळद. घ्या, पानी घ्या.

चांगुणा : आन इकडं. मलाबी वाईट वाटतं गं. पन समितीचा नियम एकच. पोर पिलेलं घावलं, की भोंग्यावर नाव. मग सरपंचाचं असू दे न्हाईतर...

लंकाबाई : थांबा! पिऊ नका. देशी हाय ती.

चांगुणा : काय?

लंकाबाई : पेला पार व्हटाला लावलात, तरी कळलं न्हाई? परवा तुमच्या घरात दूध करपलं. सारी आळी नाक धरून बाहेर आली. तुमी चुलीम्होरं शेंगा फोडीत बसलेल्या. तवाच मला तुमच्या नाकाचा संशय आला.

चांगुणा : दार लोट आधी.

लंकाबाई : कवापासून हाय हे?

चांगुणा : करोना झाल्ता तवापासून. फुलाचा न्हाई, शेनाचा न्हाई, कशाचाच वास येत न्हाई.

लंकाबाई : आन् रोज सांजच्याला ष्टँडावर पोरांना "हा कर" म्हनून तोंडं हुंगता! नवरात्राचा निरंकार उपास हुता माझ्या लेकराचा. भोवळ येऊन पडली. तुमी तोंड हुंगलं आन् म्हनलात, दारू.

चांगुणा : झोकांड्या खात हुती. डोळे लाल. मला वाटलं...

लंकाबाई : वाटलं!

चांगुणा : नवरा दारूपायी मेला, तवा मला कोन दारात उभं करीत नव्हतं, लंका. ह्या नाकानं खुर्ची दिली. तालुक्याला सत्कार झाला. आता कोनत्या तोंडानं सांगू?

लंकाबाई : त्याच भोंग्यावरून सांगा. "निकिता पिली नव्हती, माझी चूक झाली." येवढंच. तिचा बाप दुसऱ्या कुनाचं न्हाई, तुमचं ऐकतो. लगीन मोडंल. पाया पडते, बाई.

चांगुणा : ऊठ, ऊठ. सव्वीस पोरं धरली मी. एकीचं नाव मागं घेतलं तर सव्वीसच्या सव्वीस घरं माझ्या दारात येतील. समिती बुडंल. मग खरंच पिनाऱ्यांना कोन धरंल?

लंकाबाई : त्या सव्वीसात खरी पिलेली किती?

चांगुणा : मला काय ठाव.

लंकाबाई : आरं देवा! मग मीच सांगते गावाला.

चांगुणा : सांग की. पोरगी पिऊन पडलेली, आन् आईच्या घरात देशीचा पेला. कोन खरं मानंल तुझं?

लंकाबाई : काळीज हाय का दगड, बाई?

चांगुणा : ह्या लगनाच्या कायद्याचं मी कुठं बोलत न्हाई. सोमवारी येते. तिला चांगलं पातळ आनते.

लंकाबाई : या. निकिताचा राग न्हाई तुमच्यावर. काल मला म्हनली, "आई, चांगुणाकाकू खोटं बोलायच्या न्हाईत. मी पिलेच असंन. मलाच आठवत न्हाई."