आत्याच्या गाण्यावर फिरलेला बोळा

नाही, मला आधी एवढंच सांगा, गाणाऱ्या बाईने श्वास घ्यायचा नाही? घ्यायचाच नाही? का, श्वास घेणं घाण असतं? कारण त्या रेकॉर्ड कंपनीतला तो मनुष्य, गळ्यात हेडफोन, खुर्चीत गरागरा फिरत मला म्हणतो कसा, "मॅडम, श्वास सगळे काढून टाकलेत. एकदम स्वच्छ केलंय!" स्वच्छ! अहो, गाणं आहे का मोरी आहे ती?

तर तुम्हाला सांगते, ते गाणं माझ्या आत्याचं. सख्ख्या आत्याचं. तरुणपणी ती जॅझ गायची, आणि आयुष्यात तिने एकच तबकडी काढली, ‘उशिराचा दिवा’. मागे पियानो, ड्रम आणि माणसाएवढा उभा बास, बस्स! तेव्हा काही खपली नाही, पण कळणारी माणसं अजून तिच्यावर जीव टाकतात. आणि मी? मी सातासमुद्रापार जाऊन त्या तबकडीवर प्रबंध लिहिला, तिकडची चांगली नोकरी सोडून परत आले, कशासाठी? तर आपल्या माणसांना आपलंच सोनं दाखवायला! हसा, हसा. घरातलेही असेच हसले होते.

कंपनी नवी आवृत्ती काढतेय म्हटल्यावर मी उड्या मारत नमुना ऐकायला गेले. पहिल्या गाण्यात श्वास गायब. दुसऱ्यात पियानोच्या स्टुलाची कुरकुर गायब. तिसऱ्यात बासवाले काका रंगात येऊन हळूच "हां..." म्हणतात ना, माझ्या अंगावर काटा यायचा त्याने, तर ते काकाच मुके! बोळा फिरवला हो सगळ्यावर! मी त्या मनुष्याचं नावच ठेवलं बोळेमास्तर. आणि बोळेमास्तर माझ्याकडे बघतायत, शाबासकीची वाट बघत... "स्वच्छ केलंय ना?"

पण थांबा, हे काहीच नाही. शेवटचं गाणं! तो तिला सोडून गेलाय, त्याची छत्री तिच्या घरी राहिलीय, आणि ती गाते, ‘छत्री तुझी राहिली आहे, परत ये म्हणणार नाही’, आणि तिथे, बरोब्बर तिथे, शब्द सुटतात आणि नुसता आवाज उरतो, ‘दूबी दाबा दूऽऽ, लिया लिया लाऽऽ’... जॅझमध्ये तशी रीतच आहे, स्कॅट म्हणतात त्याला, शब्द टाकून द्यायचे आणि गळ्याचंच वाद्य करायचं. माझ्या प्रबंधाचं अख्खं शेवटचं प्रकरण त्या जागेवर आहे! ‘दुःख भाषेची वेस ओलांडतं तो क्षण!’ आमचे प्राध्यापक, दगड नुसता, पण ते वाचताना चष्मा पुसायला लागले होते!

आणि नव्या आवृत्तीत? ‘परत ये म्हणणार नाही...’ आणि पोंऽऽ! सॅक्सोफोन! मूळ तबकडीत सॅक्सोफोन औषधालाही नाही! आणि हा कसला, तर हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतो तसला, गुळगुळीत, तेल लावलेला!

मी किंचाळले. तर बोळेमास्तर मलाच समजावतायत, आवाज खाली आणून, कुणाच्या घरातलं लफडं झाकावं तसं, "मॅडम, बाई तिथे शब्द विसरल्यात ना... बरं दिसत नाही. मोठं माणूस आहे. आम्ही सांभाळून घेतलं."

विसरल्यात! स्कॅटला हा माणूस विसरणं म्हणतो, आणि याच्या हातात गाणी देतात!

मी तडक मालकांच्या केबिनमध्ये. मालक चहात बिस्किट बुडवत, "ताई, लोकांना वाटेल तबकडी बिघडली. तरी आत्याबाईंची सही यायचीय अजून. त्या नाही म्हणाल्या, तर जुनं तसंच ठेवू. झालं?"

झालं! एका सहीवर सगळं अडलेलं. जुनी तबकडी कुठे मिळत नाही, म्हणजे पुढच्या पिढीपर्यंत पोचणार ते हेच. दुसऱ्याच दिवशी आत्याला घेऊन गेले. गुडघ्याला पट्टा, पर्समध्ये लवंगा, अशी आत्या टॅक्सीत बसलीय आणि मी वाटभर घोकून घेतेय, "आत्या, सही करायची नाही. तुझा जीव आहे त्यात!"

"बघू गं. आधी ऐकू तर दे मेलं."

ऐकलं. डोळे मिटून. सॅक्सोफोन आला तसे तिने खाडकन डोळे उघडले. मी म्हटलं, आता बघा! आता बोळेमास्तरांचं काही खरं नाही!

"कोण गं हा वाजवणारा?"

"कुणीतरी भाडोत्री, आत्या!"

"गुणी आहे. अगदी वेळेवर धावून आला. तेव्हा कुठे होता मेला?"

मला काही कळेना. तर ती शांतपणे म्हणते, "अगं, विसरलेच होते मी. पुढच्या ओळीत छत्री कुठे ठेवलीय ते काही केल्या आठवेना. खुंटीवर की दाराशी? पियानोवाला माझ्याकडे बघतोय, बासवाला बघतोय, बाहेर पुढचे लोक स्टुडिओ रिकामा व्हायची वाट बघतायत. मग सुचेल ते बरळले."

"पण आत्या, तेच तर सगळ्यात सुंदर आहे!"

"तुला असेल. घरी कुणी ते गाणं लावलं, की त्या जागेला मी उठून आत जाते. कधी लक्षात नाही आलं तुझ्या?"

आलं होतं हो! प्रबंधात तळटीप आहे त्यावर! ‘कलावंताला स्वतःचंच दुःख सोसवत नाही!’

तिने सही केली. वर बोळेमास्तरांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "छान स्वच्छ केलंत हो!" इतकी वर्षं मानेवर काहीतरी वागवलं आणि आज उतरवून ठेवलं, असा चेहरा. त्या चेहऱ्यापुढे कसला प्रबंध वाचून दाखवू मी?

आणि मालक लगेच, "ताई, एवढ्या शिकलात, तर कव्हरच्या आतल्या पानावरचं चार ओळींचं कौतुक तुम्हीच लिहा." आत्या म्हणाली, "लिहील ना! आणि त्या सॅक्सोफोनवाल्याचं नक्की लिही गं."

लिहिलं. आत्याला वाचूनही दाखवलं. तिचं समाधान होईना. म्हणाली, "जरा सढळ हाताने लिही की, बिचाऱ्याने एवढी लाज राखली माझी!"

मग काय... एक ‘अप्रतिम’ वाढवला.