सुईपुढचा झाडू

ब्रश? नुसता ब्रश? परत बोल एकदा, माझ्या कानात काय गेलंय की काय — मशीन नको, भोंगे नको, रेकॉर्डी नको, ब्रश पायजे? बोईसर टेसनावरून रिक्षा करून मुरब्यापर्यंत आलास, तो ह्या बोटभर ब्रशासाठी? शी! मिथुन फोनवर बोलला, आई, चिराग म्हणून माझ्या ओळखीचा हाय, जुन्या वस्तू घेतो, बाबांची मशीन त्याला दाखव — मला वाटलं, चला, माळ्यावरचे भोंगे तरी जातील, उंदरांनी त्यात संसार मांडलाय. तर हा माणूस येतो, मशीनचं झाकण उघडतो, आणि लग्नाला येऊन नवरीला सोडून तिच्या चपलेकडं बघावं तसा ब्रशाकडं बघत बसतो!

बस. तिथं नको, तिथं जवळा निवडून ठेवलाय. त्या पाटावर बस. आणि तो रुमाल काढ नाकावरचा. सुक्या बोंबलाचा वास हाय, मेलेल्या माणसाचा नाय. मी तुमच्या बोईसरच्या बाजारात गटाराला लागून पाटी मांडून बसते, तिथं मी लावते का रुमाल? नाय ना? मग. आणि मला ते तुमी-बिमी जमायचं नाय, माझ्या मिथुनच्या वयाचा दिसतोस, तूच म्हणणार.

असला ब्रश आता मिळत नाय? हो, ते कळलं मला तुझ्या डोळ्यांवरून. परदेशातला हाय म्हणतोस — असेल. माझ्या नवऱ्यानं आणला तो भंगारातनं. रामा स्पीकरवाला — विचार मुरब्यात कुणालाही, सातपाटीत विचार — हळद असो, साखरपुडा असो, भोंगे रामाचेच. तर तिकडं कालनीतल्या कुणा सायबाची बदली झाली, त्यानं घरातलं सगळं भंगारात काढलं, त्यात ही मशीन. घरी घेऊन आला आणि असा नाचला, जशी काय नवी होडी उतरवली पाण्यात! मी म्हटलं, ही दुसरी दांडी कसली? एका दांडीला सुई, समजलं. ही बाजूला चिकटवलेली बारकी दांडी, आणि तिच्या टोकाला हे कोळंबीच्या मिशीसारखे केस — हे काय? तर म्हणतो, अगो, ही झाडूवाली. रेकॉर्ड फिरते तशी ही पुढं पुढं झाडत जाते आणि मागनं सुई येते गात. मी म्हटलं, व्वा! म्हंजे बाईनं पुढं झाडत जायचं आणि मागनं सायबानं मिरवत यायचं. तुमा पुरुषांनीच बनवली असणार असली वस्तू.

हात नको लावू. लांबून बघ.

पण लागायचा तो ब्रश, खोटं कशाला बोलू. तुमच्याकडची धूळ वेगळी आणि आमच्याकडची वेगळी. इकडं दारात बोंबील वाळतात, वारा सुटला की रेती येते, मीठ येतं, माशाची खवलं येतात — बारीक, चमचम करणारी. फडक्यानं पुसली रेकॉर्ड तर अजून घासली जाते. सुईला एक कण आडवा आला की गाणं तिथंच अडकतं, नवरीच्या मावशीची एकच ओळ शंभरदा वाजते आणि मंडपातली पोरं खिदळतात. ब्रश लावल्यापासून ते बंद झालं. झालं ते एवढंच चांगलं झालं. बाकी त्या ब्रशानं माझ्या घरात जो घाणेरडेपणा आणला ना —

नाय, रेकॉर्डी बघू नकोस, तुला ब्रश पायजे ना? — ती ठेव. ती खाली ठेव. पहिली ती ठेव.

ती माझ्या आईची हाय. आईची म्हंजे आई गायलीय तिच्यात. हिरा तिचं नाव. हळदीला, मांडवाला धवले गायची, सगळ्या किनाऱ्यावरनं बोलवणं यायचं तिला. एकदा कंपनीवाले आले आणि बायांना टेम्पोत घालून मुंबईला घेऊन गेले गाणं भरायला. मी पण गेले होते, एवढीशी होते, मागं बसून झील धरायला. आता वाच त्याच्यावर काय लिहिलंय. मी चौथी शिकलेय पण तेवढं वाचता येतं मला. पेटीवाल्या मास्तरचं नाव किती मोठं, बघ. आणि त्याच्याखाली? — 'आणि पार्टी'. ती पार्टी म्हंजे माझी आई! गायली ती, घसा फोडला तिनं, मास्तर पेटीवर बोटं आपटत होता नुसता. आणि वर छापलंय कोळीगीत. आमी कोळी नाय, मांगेले. विचारलं का कुणी? थुंकावंसं वाटतं मला त्या कागदावर, पण खाली आई हाय म्हणून थुंकत नाय.

तर रामाचा नियम. गावात कुणाचंपण लगीन असो, पहिली रेकॉर्ड हिराबायची. सासूबाईंचा मान, म्हणायचा. कसला मान? माझ्या आईला मांडवाच्या कापडासारखी वापरली ह्यानं, आज ह्याच्या दारात ताण, उद्या त्याच्या. मी सांगायचे, घासली जाईल, बस कर. नाय. मग एका वर्षी म्हणतो — आवाज बारीक झाला गो आईचा. मी म्हटलं, झाला ना? आता बस बोंबलत. तर त्यानं काय केलं माहीत हाय? ब्रश काढून उजेडात धरला. केसांना काळं-करडं काहीतरी चिकटलेलं, मऊ, काजळीसारखं. धूळच ती! पण ह्याच्या डोक्यात शिरलं — रेकॉर्ड काळी, हे पण काळं, म्हंजे ब्रश आवाज काढून घेतो. आई उतरतेय म्हणाला. झाडूवाली आईला झाडून नेतेय!

हसतोस? मी पण हसले. मग म्हटलं, एवढं वाटतं तर काढून टाक ब्रश. तर ते पण जमेना — ब्रश काढला की शेवटाला सुई अडकते, पुढं जातच नाय. लावला तरी पंचाईत, काढला तरी पंचाईत. मग ह्या शहाण्यानं काय करावं? माझ्या आईची मशेरीची डबी होती, पितळेची, ती गेल्यावर माझ्याकडं आलेली. ती घेतली, धुतली, आणि दर वेळी रेकॉर्ड वाजली की ब्रश त्या डबीत हळूच झटकायचा. साठवायचा! मळ! मी म्हटलं, अरे माणसा, उद्या नखातला मळ साठवशील. तर म्हणतो, आपण माणसाची राख सावडतो ना, ती काय टाकून देतो का कुठंपण? किळस यायची रे मला. देव्हाऱ्याखाली ती डबी. दिवा लावायला गेलं की ती समोर.

आणि मग बायडी. बायडी म्हंजे माझी चुलत जाऊ, ही समोरच्या घरातली, आता पण खिडकीतनं बघतेय बघ, तोंड कसं लांब केलंय — बघ गो बघ, चांगलं बघ! — तर ही एकदा आली, मी मोरीत मासे साफ करत होते. हिला मशेरी लावल्याशिवाय तोंड उघडत नाय. डबी दिसली, काळी भुकटी दिसली, घेतली चिमटीत आणि लागली घासायला दात! खसाखसा! वर मला विचारते, मिथुनच्या आये, कुठनं आणली गो मशेरी, हिला चव कशी नाय? तेवढ्यात रामा आला. मला वाटलं आता हिला मारतो. मारलं नाय. पांढरा पडला. आणि धावत जाऊन वाटी आणली, आणि हिच्या तोंडाखाली धरून म्हणतो — बायडे, गिळू नको, ह्याच्यात थुंक!

शी शी शी. गावभर झालं ते. पोरं त्याच्या पाठीमागं ओरडायची, रामा, वाटी आण! आणि ही बायडी, जिला दोन ओळी सुरात येत नाय, पुढच्या हळदीत, हिराबाय माझ्या तोंडात हाय म्हणत, मुद्दाम उभी राहिली आणि गायली. कावळा बरा. सगळा मांडव लोळतोय हसून. आणि माझा नवरा भोंग्याच्या तारेजवळ डोळे मिटून उभा. ऐकत. बायडीच्या आवाजात शोधत होता काहीतरी, येडा.

गेला तो. गेल्या नारळी पुनवेच्या आधी. मिथुन बोलला, राखेबरोबर ती डबी पण सोडूया दर्यात, बाबांना बरं वाटेल. मी नाय म्हटलं. पितळ हाय, कशाला टाकायचं? काहीतरी ठेवायला होईल तिच्यात. नाय, अजून काय ठेवलं नाय. ती जरा — भरलेली हाय अजून. वेळ कुठं मिळतो मला डब्या घासायला.

मोबाईलमध्ये? घेतलं ना. तू पहिला हुशार नायस. मिथुन आणि दीपाली, माझी सून, दोघं आले होते बोईसरवरनं, रेकॉर्ड लावली, मोबाईल धरला समोर, गाणं संपलं, मोबाईल बंद. झालं आई, म्हणाला, आता मशीन ठेवायची गरज नाय. काय झालं? कप्पाळ झालं! गाणं संपल्यावरचं कुठं आलं त्यात?

काय नाय. पुढं काय नाय. तू चहा घेशील का?

हाय की नाय पुढं काहीतरी, असं बघू नकोस माझ्याकडं. गाणं संपतं, मास्तरची पेटी थांबते, सगळ्यांना वाटतं आता खरखरच उरली, सुई उचलायची. पण मुंबईतल्या त्या माणसानं मशीन लगेच बंद नव्हती केली. आई दमली होती. तिनं मागं वळून म्हटलं — शके, पाणी दे गो. एवढंच. बारीक, तोंड फिरवून म्हटलेलं. ते भरलं गेलं. शके म्हंजे मी. आता मला मिथुनची आई म्हणतात, बाजारात मावशी म्हणतात, रामा अगो म्हणायचा. शके म्हणणारी ती एकटी होती. मिथुनला सांगितलं नाय कधी. काय सांगायचं, तुझी आजी पाणी मागते म्हणून? रामाला माहीत होतं. मंडपात गाणं संपलं की तो भोंग्याचा आवाज बंद करायचा पण सुई नाय उचलायचा. माझ्याकडं बघायचा. मी हळद वाटताना मान वर करायचे, कळायचं मला सुई तिथं पोचली. बस. आणि ते शेवटाला हाय, अगदी आतल्या कडेला, जिथं सुई अडकते. ब्रश असेल तरच तिथपर्यंत पोचते. समजलं आता? आणि तू आलास, म्हणतोस बाकी काय नको, ब्रश तेवढा द्या!

मिथुननं शब्द दिलाय तुला? देऊ दे. त्याच्या बोईसरच्या खोलीतलं काय ते देऊ दे.

थांब, लावतेच. कशी खरखरते ते ऐक, म्हंजे तूच नको म्हणशील. रामा गेल्यापासून मिथुननं लावली तेवढीच, मी नाय. दर वेळी थोडं जातं म्हणायचा ना तो — येडपट बोलणं, पण मला वेळ पण नव्हता. ते बटण दाब. लाईट हाय. आता ही दांडी अशी, आणि ही झाडूवाली हिच्या पुढं, अशी हलकी टेकवायची —

हं.

ऐकतोस? ही आई. मागनं बारक्या पोरी ओरडतायत त्यातली एक मी. पेटी बघ कशी मधे मधे कडमडते, मेला मास्तर. बोलू नकोस. खरखर हाय, मी म्हटलंच होतं. इथं ती श्वास घेते बघ. आता नवरीच्या मामाचं येईल. पूर्वी इथं रडायच्या बाया. गप. संपत आलं. पेटी थांबली — सुईला हात नको लावूस! बस तसाच. आता —

ऐकलंस?

नाय ऐकलंस? काहीच नाय? खरखर?

बरं झालं. आईनं तुला नव्हतं बोलावलं.

मी ऐकलं का? मी — तुला काय करायचंय? उचल आता सुई. हळू. ब्रश पण उचल, सवय दिसते तुला, चांगला धरतोस. बघ, किती धरलंय त्यानं, केवढासा वेळ वाजली तर. आण इकडं, मी डबी काढ—

अरे.

फुंकलंस?

सवयीनं. सवयीनं फुंकलंस. ब्रश साफ करून दिलास मला.

नाय, सॉरी-बिरी नको. बोलूच नकोस, तोंडातला वारा लागतो. पाय उचल. तिथं, तुझ्या अंगठ्यापाशी पडलंय. उचल म्हणते ना! आता तसाच मागं सरक, पाय घासू नकोस. चपला हातात घे. बायडी विचारेल तर काय सांगू नकोस तिला. जा. आणि दार लोटून घे बाहेरनं, वारा येतोय.