मिस्टर आहो, असाल तिथून या

हॅलो?… हॅलो, छकुले? हो हो, ताईच बोलतेय, भूत नाही… उतरले गं, उतरले जहाजावरून! बंदरावरच्या इमारतीत आहे. केवढा हॉल, आणि केवढ्या रांगा… तू कुठे? काचेच्या दाराबाहेर? मग आलीसच की जवळ! आपल्या दोघींमध्ये एक पासपोर्टवाला, एक कस्टमवाला आणि एक दार, बस्स.

नाही ना, अजून नाही झालं… अगं तेच सांगतेय, ऐक तर. माझा पासपोर्ट माझ्याकडे नाहीये.

ओरडू नकोस! तुझा आवाज फोनच्या बाहेर येतोय, लोक बघतायत. हरवला नाही, ह्यांच्याकडे आहे. दोघांचेही ह्यांनी कमरेच्या त्या पाऊचमध्ये ठेवलेत. आणि हेच सापडत नाहीयेत.

कसे म्हणजे काय? मी जरा बाथरूमला गेले. जाताना सांगितलं, ह्या खांबाजवळून हलू नका. परत येते तर खांब आहे, हे नाहीत… हो, खांबालाच जास्त अक्कल! तूही ना.

ह्यांना फोन लावू? ह्यांचा फोन मोठ्या बॅगेत. ‘खिशाला ओझं होतं’ म्हणून. आणि मोठ्या बॅगा जहाजवाल्यांनी कालच केबिनच्या दारातून उचलून नेल्या. त्या पडल्यात पलीकडे, कस्टमच्या हॉलमध्ये. तिकडे जायचं तर पासपोर्ट दाखवा… हो गं, आहे खरी माझी पंचाईत.

टॅक्सीवाला काय म्हणतोय? विमानतळाला उशीर होतोय? अगं त्याच्याशी गोड बोल, त्याच्या मुलाबाळांची चौकशी कर, चहा पाज… माहितीय. विमान चहावर थांबत नाही, माहितीय मला.

छकुले, ऐक. तू जाऊ नकोस. अगदी थांबवेल तोवर उभी राहा. इथलं घर सोडून मुलाकडे कायमची चाललीस तू, परत कधी येशील ते तुलाच ठाऊक नाही. आणि मला त्या कानाच्या ऑपरेशनपासून डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. म्हणून तर जहाजानं आले ना, सगळा समुद्रभर ओकत! आज चुकामूक झाली तर आपण संपलो गं, मग नुसत्या फोनवरच्या बहिणी… नको, रडू नकोस हं. तू रडलीस की मी रडते, आणि मी रडले की ह्या लोकांना वाटेल, बाईनं बॅगेत काहीतरी दडवलंय.

थांब, थांब. इथली एक अधिकारी पोरगी मघाशी माझ्याजवळ आली होती. मी हॉलभर ‘अहो… अहो…’ करत फिरत होते ना, ते ऐकून. गोड आहे गं पोर. मान डोलावली आणि त्या माइककडे… अरे देवा, काय बोलतेय ही?

अगं बाई गं! ऐकलंस? बाहेरसुद्धा आलं ऐकू? ‘मिस्टर आहो’! ‘मिस्टर आहो, असाल तिथून चार नंबरच्या खिडकीशी या’!

हसू नकोस ना… आता मला पण… अगं, आमच्या ग्रुपमधली सगळी जोडपी इथेच रांगेत आहेत. आले! एक आले… ते टकलू बँकवाले पण आले… दातांचे डॉक्टर आले. एकेकाला बायकोनं ढोसून पाठवलंय, ‘जा ना, बोलावतायत तुम्हाला.’ नवऱ्यांची रांग लागलीय बघ चार नंबरला! ती बिचारी विचारतेय, तुमच्यातले आहो कोण, तर सगळे म्हणतायत, मीच!

छे, आमचे कुठले त्यात! आमचे कधी पहिल्या हाकेला आलेत?

एक मिनिट… नो नो, मॅडम, अहो इज नॉट नेम! अहो मीन्स… अहो म्हणजे… छकुले, अहोला इंग्रजीत काय म्हणतात गं?… ‘एक्सक्यूज मी’? अगं एक्सक्यूज मी म्हणून हाक मारली तर कुठला नवरा येईल!

सांगितलं बाई, खरं नाव सांगितलं एकदाचं. तर म्हणते, मग आहो कोण? तुमचा दुसरा नवरा?… तू पण हसून घे. टॅक्सीवाल्यालाही सांग म्हणजे तोही हसेल आणि थांबेल.

हॉर्न वाजवतोय? वाजवू दे. पाठ कर त्याच्याकडे.

थांब हं, ती कुणाशी तरी वॉकीटॉकीवर बोलतेय… सापडले! अगं सापडले! पलीकडे आहेत, कस्टममध्ये… तिकडे कसे म्हणजे, ह्यांना वाटलं मीच पुढे गेले. मला शोधायला गेले पुढे, माझाच पासपोर्ट घेऊन!

मग हाकेला का नाही आले? तोंडात सफरचंद होतं म्हणून! काय सांगू तुला, ही पोरगीच सांगतेय वॉकीटॉकीवर ऐकून. जहाजावरच्या नाश्त्यातली दोन सफरचंदं मीच टाकली होती ह्यांच्या पिशवीत, वाटेत भूक लागली तर असू द्यावीत म्हणून. कस्टमवाल्यानं विचारलं, खायचं काही आहे का. आपले पडले वजनमापे खात्यातले, जन्मभर दुसऱ्यांची तागडी तपासलेली, हे खोटं बोलतायत होय! काढली दोन्ही आणि ठेवली त्याच्यापुढे. तो म्हणाला, फळं बाहेर न्यायची नाहीत, त्या पेटीत टाका. आता हे अन्न टाकतील? म्हणाले, इथेच उभ्याउभ्या खाल्ली तर चालेल? तो म्हणाला, खा बाबा… हो ना! एवढ्या जोरात हाका मारतेय मी, आणि हे तिथे दुसऱ्या सफरचंदावर आलेत!

काय?… नाही, नाही छकुले, बसू नकोस टॅक्सीत. दार उघडलंन् तर उघडू दे. पासपोर्ट निघालाय तिकडून, ती पोरगी स्वतः आणायला गेलीय, पळत गेलीय गं… आली! मिळाला. थँक्यू, पोरी, थँक्यू! खिडकीवर फोन चालत नाही म्हणतायत. पर्समध्ये टाकते, कापू नकोस, बोलूही नकोस…

…येस सर… सर, फोटोतली मीच. तेव्हा केस रंगवत होते… येस, ओन्ली सिस्टर. मीटिंग सिस्टर… थँक्यू, थँक्यू…

छकुले! आहेस ना? ठप्पा ऐकलास? बसला! आले मी पलीकडे. हे बघ, उभे आहेत इथे, बॅगा घेऊन, गाल फुगलेले… अहो, गिळा आणि चला! तिचं विमान आहे!… काही विचारू नका, नंतर भांडू.

थांब, हा कस्टमवाला आता मला विचारतोय… काय? जाहीर करण्यासारखं काही?

आहे. आहे ना, दादा. त्या दाराबाहेर माझी धाकटी बहीण उभी आहे. कायमची चाललीय. टॅक्सी हॉर्न वाजवतेय. बाकी ह्या दोन बॅगांत नुसते धुवायचे कपडे आहेत, हवं तर ठेवून घ्या दोन्ही.

…जाऊ दिलंन् गं! बॅग न उघडता! अगं, सगळं मराठीतच बोलून गेले मी, त्याला काय कळलं कोण जाणे. हात केलान् दाराकडे.

येतेय, पळतेय… धाप लागलीय, बोलवत नाही… दार उघडलं. कुठे आहेस? हात वर कर. अगं सगळेच हात वर करतायत! कुठे… ती पांढऱ्या केसांची? तू? छकुले, तू कधी म्हातारी झालीस गं!

नको, तिथेच थांब, मी येते… फोन चालूच ठेव… नको नको, ठेव. ठेवून दे. मला दोन्ही हात मोकळे हवेत.