अठ्ठ्याहत्तरची चाल

नथ्थू : नही म्हनं ना एक डाव! तबकडी आज भेटाव नही. संध्याकाळले वरात शे.

हिलाल : नथ्थूभाऊ, तबकडी माझी आहे.

नथ्थू : तुनी शे. मी कव्हय म्हनं, मनी शे? पन वाजाडानं मशीन कोनं शे? बाहेर पाटी वाच. 'नथ्थू लाऊडस्पीकर सर्विस, धुळे.' तूच रंगाडेल शे. नि रफार इसरी गया. आते गिऱ्हाईक इचारस, हाऊ 'सविस' कोन भाऊ?

हिलाल : रफार देतो उद्या. आत्ता फक्त एकदा ऐकू द्या. डेव्हिड गेल्यापासून ऐकलेली नाही. दर वेळी येतो, दर वेळी तुम्ही वरातीला. उद्या अकराला वर्गात चित्र द्यायचंय आणि कागद कोरा आहे. हातच चालत नाही.

नथ्थू : नही दिधं तं?

हिलाल : तर परीक्षेला बसवणार नाहीत. परीक्षा नाही तर ड्रॉइंग मास्तर नाही. मास्तर नाही तर एरंडोलला, दादाच्या पिठाच्या गिरणीत.

नथ्थू : गिरनी काय वाईट शे? मानूस गोरा दिखस. चित्र कसानं शे?

हिलाल : वरातीचं. किमान दहा माणसं हवीत. सरांचा नियम आहे.

नथ्थू : मंग वरातमां ये ना! आज कन्हैयालालशेठना पुतन्यानी वरात शे. दहा काय, दोनशे मिळतीन.

हिलाल : मला बोलावणं नाही.

नथ्थू : तुले कोनंच बोलावनं नही ऱ्हास.

हिलाल : धुळ्यात मला ओळखतं कोण? घरमालकीण जतनबाई रोज एकच वाक्य बोलतात, 'नळ आला.' तेही सगळ्या बिऱ्हाडकरूंना मिळून.

नथ्थू : नि तो देवीदास व्हता ना तुना दोस्त?

हिलाल : डेव्हिड. पोळ्याच्या आधीच गेला अमेरिकेला.

नथ्थू : भला मानूस. सात समुद्र वलांडीसन आपले कोंबड्या पाळाले शिकाडाले उना, नि खोली लिधी जैन गल्लीमां. कोंबडीनं नाव काढं तरी शेजारीन दार लाये.

हिलाल : संध्याकाळी त्याच्या खोलीवर बसायचो. तो तबकडी लावायचा, मी चित्रं काढायचो. कोणी कोणाशी बोलायचं नाही. जाताना तबकडी मला दिली. माझ्याकडे वाजवायला काही नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मीही सांगितलं नाही. म्हणून तर तुमच्याकडे आणून ठेवली.

नथ्थू : काय म्हनतस त्या गानाले?

हिलाल : ब्लूज.

नथ्थू : ब्लू म्हनजे निळं. तबकडी तं काळी शे.

हिलाल : तिकडे मन उदास झालं, की निळं झालं म्हणतात.

नथ्थू : उदास? हाई गानं? काय सांगस! या, या, शेठ. आपलाच इषय चालू शे.

कन्हैयालाल : नथ्थू, ते चिमणीचं गाणं काढून ठेवलंस ना? त्याच्याबिगर वरात हलणार नाही, सांगून ठेवतो.

नथ्थू : ठेवलं, शेठ.

कन्हैयालाल : साडूच्या पोराच्या लग्नात तूच वाजवलं होतंस. काय गाणं! घोडीसुद्धा नाचली. नवरदेवाला पाडून नाचली, पण नाचली. हा कोण पोरगा?

नथ्थू : चित्रकलेचा विद्यार्थी आहे. तबकडी त्याची.

कन्हैयालाल : असं? मग ये की वरातीला. तबकडीवाला म्हणून ये. मागे थांब, नथ्थूजवळ. चल, मला हलवायाकडे जायचंय.

हिलाल : ...नथ्थूभाऊ, चिमणीचं गाणं म्हणजे? गाणारा म्हातारा आहे. आवाज असा, जात्यात खडे पडल्यासारखा.

नथ्थू : म्हातारा? थांब. तुनी तबकडीनं भोक मोठं शे, म्हनीसन सुतारकडथीन लाकडी गुंडी करी लिधी. हाई बसाडी... हाई सुई ठेवी. ऐक आते.

हिलाल : बंद करा! भाऊ, बंद करा ते! ही मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी आहे, तुम्ही अठ्ठ्याहत्तरवर पळवताय!

नथ्थू : मना मशीनना खटका अठ्ठ्याहत्तरवर गंजेल शे. मन्या बठ्ठ्या तबकड्या अठ्ठ्याहत्तरन्या. तुनी एकटीनीच चाल येगळी, त्याले मी काय करू?

हिलाल : हळू करायला काहीच नाही?

नथ्थू : बोट शे.

(नथ्थू फिरत्या तबकडीच्या कडेला बोट टेकवतो. चिमणीचा हळूहळू म्हातारा होतो.)

हिलाल : हेच. असंच धरा. हलवू नका.

नथ्थू : हिलाल... हाऊ तं रडी ऱ्हायना रे.

हिलाल : रडत नाही. सांगतोय.

नथ्थू : काय सांगस?

हिलाल : डेव्हिडनं समजावलं होतं. घरी आला तर चूल गार. स्टेशनवर पळाला, तर गाडीची नुसती शिटी ऐकू आली. बायको गेली. एवढंच. मग तेच पुन्हा म्हणतो.

नथ्थू : परत कसाले?

हिलाल : पहिल्यांदा कोणी ऐकलं नाही म्हणून.

नथ्थू : ...नि मी याच्यावर घोडी नचाडी.

हिलाल : तुम्हाला काय ठाऊक!

नथ्थू : मनी बायको भागाबाई मरी गई ना, तव्हय मी सोनगीरले व्हतू. वरातमां. निरोप उना, पन मशीन सोडीसन निंघता उनं नही. लोके नाची ऱ्हायंतात. म्हने, नथ्थू, अजून एक.

हिलाल : हे कधी बोलला नाहीत तुम्ही.

नथ्थू : तू कव्हय इचारं? नि लाऊडस्पीकरवालाले कोन इचारस? पंगतमां बी मोजतस नही. बठ्ठा जेवनात, खरकटं काढं, का मंग कोनले तरी आठवस : अरे, तो मशीनवाला जेवला का?

हिलाल : मान अशीच ठेवा. जरा खाली. हां.

नथ्थू : काय करी ऱ्हायना तू? कागद कसाले काढा?

हिलाल : तुम्हाला काढतोय.

नथ्थू : बावळट! तुले दहा मानसं पाहिजेत ना?

हिलाल : नऊ जण पुढे चाललेत. पाठमोरे, गॅसबत्त्यांच्या उजेडात, एवढे एवढेसे. ते रात्री खोलीवर काढीन. दहावा मागे राहिलाय, मशीनजवळ. त्याचाच तेवढा चेहरा दिसतो.

नथ्थू : तुना सर त्याले मोजी का?

हिलाल : नियमच दहाचा आहे. मोजावंच लागेल.

नथ्थू : ...गानं सरनं.

हिलाल : सुई पुन्हा पहिल्यापासून ठेवा.

नथ्थू : आते बैलगाडी यी. सामान चढाडनं शे. नि शेठनं चिमनीनं गानं?

हिलाल : तुम्ही सांगा. तबकडी तुमच्याकडेच आहे.

नथ्थू : सांगसू, चिमनी उडी गई. बॅन्डवाले शेतस ना, वाजाडतीन. हाई ठेवी सुई. काढ तू.

हिलाल : ...भाऊ, बोट दुखत असेल.

नथ्थू : दुखस. पन उचलं तं तो परत नाचाले लागी.